७७५ मोटरवाला छोटा टेबल लेथ: भातुकली कातायला घ्यावा का? (आणि हत्यारं घरीच का बनवावीत)

थेट मुद्द्यावर येते, कारण बऱ्याच जणांना घ्यावा की नको एवढंच हवं असतं. टेबलावर ठेवायचा, ७७५ नंबरच्या डीसी मोटरवर चालणारा, पाच-सहा हजारांच्या आसपास मिळणारा जो बिनब्रँडचा छोटा वूड लेथ (लाकूड गोल फिरवत ठेवून हत्याराने कातायचं मशीन) सगळ्या ऑनलाइन साइटवर दिसतो ना, तो मी लाकडी भातुकली कातायला घेतलाय आणि आता चांगला मुरलाय तो हातात. मशीनला ५ पैकी साडेतीन. सोबत हत्यारांचा जो सेट मिळतो त्याला एक, तोही त्याच्या मुठी परत वापरता येतात म्हणून. आणि जुन्या कानशी, छत्रीच्या काड्या, ॲलन की (षटकोनी खाचेचे स्क्रू पिळायच्या काड्या) असलं घासून घरी जी हत्यारं बनतात त्यांना पूर्ण पाच. म्हणजे माझं म्हणणं एवढंच की मशीन घ्या, हत्यारांचा सेट अजिबात घेऊ नका, आणि वाचलेले पैसे कुठे घालायचे ते खाली सांगते.

आधी छोटं म्हणजे किती छोटं ते कळू दे. बाहुलीघरं करणारे लोक जगभर १:१२ चं माप धरतात, खरी वस्तू एक फूट तर आपली एक इंच. घरातलं लाटणं साधारण ३६ सेंटीमीटर धरलं तर ते ३ सेंटीमीटर होतं आणि जाडी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. पोळपाट २४ सेंटीमीटरचा असेल तर २ सेंटीमीटर. उखळ-मुसळ, रवी, कुंकवाचा करंडा, तांब्या, बरण्या, उतरंड, आपल्या स्वयंपाकघरात जे जे गोल आहे ते सगळं लेथचं काम. सावंतवाडीच्या चितार आळीत जी लाकडी भातुकली मिळते ती मला प्रचंड आवडते, पण ती मुलांनी हातात घेऊन खेळायच्या मापाची असते आणि मला हवी होती काचेच्या कपाटात मांडायची, अख्खं स्वयंपाकघर एका फळीवर मावेल अशी. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या कामासाठीचाच समजा. वाट्या, फुलदाण्या, टेबलाचे पाय असलं काही करायचं असेल तर हे मशीन तुमच्यासाठी नाही, बघूही नका.

खोक्यात काय असतं, तर मोटर, स्पीड कमी-जास्त करायचा कंट्रोलर, २४ व्होल्टचा ॲडॉप्टर, चार जबड्यांचा छोटासा चक (लाकूड पकडून फिरवणारा भाग), बेअरिंगवर फिरणारं सेंटर म्हणजे टोक असलेला टेलस्टॉक (लाकडाला समोरून टेकू देणारा), टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि दोन-चार ॲलन की. जोडायला सोपं आहे, स्क्रू ड्रायव्हर धरता येतो त्या कुणालाही जमेल.

आता या डिझाइनची खरी गोम समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोठ्या लेथला वेगळा स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा असतो, दोन्हीकडे चांगल्या बेअरिंगवर टेकलेला, आणि मोटर त्याला पट्ट्याने फिरवते. इथे मोटरचा दांडा हाच स्पिंडल. ७७५ मोटरचा दांडा ५ मिलिमीटर जाड असतो, त्यावर एक जोडणी बसवून चक लावलेला, म्हणजे तुम्ही लाकडावर हत्यार दाबता तो सगळा आडवा दाब थेट मोटरच्या बेअरिंगवर जातो. काही ७७५ मोटरींना पुढे बॉल बेअरिंग असतं, काहींना नुसतं बुश, म्हणजे छऱ्यांशिवायची साधी धातूची नळी. विकत घेताना विक्रेत्याला हा एकच प्रश्न विचारा, बॉल बेअरिंग आहे का, आणि उत्तर गोलमोल आलं तर दुसरा विक्रेता बघा. बुशवाली मोटर थोड्या दिवसांत दांड्याला हलायला लागते आणि मग ३ मिलिमीटरचं लाटणं गोल नाही, अंडाकृती होतं.

शिवाय तो चार जबड्यांचा चक काही अचूक नसतो. लाकूड पकडलं की जराशी थरथर दिसतेच, एक दशांश मिलिमीटर म्हणा, कधी जास्त. मोठ्या वाटीला ते कळणारही नाही पण मुसळाची मान दीड मिलिमीटरची असते हो, तिथे एक दशांश म्हणजे फार झालं. यावरचा उपाय जुनाच आहे आणि फुकट आहे, एकदा चकमध्ये लाकूड पकडलं की वस्तू पूर्ण होईपर्यंत ते काढायचंच नाही. जे जिथे कातलं जातं ते तिथे आपोआप मध्यावर असतं, चक कितीही वाकडा असू दे. काढून परत लावलं की संपलं. दुसरी बाजू कातायची असेल, म्हणजे समजा करंड्याच्या बुडाखालची, तर चकमध्ये टाकाऊ लाकडाचा तुकडा पकडायचा, त्यातच करंडा घट्ट बसेल असा खळगा कातायचा आणि करंडा त्यात उलटा दाबून बसवायचा. हा खळगाही तिथेच कातलेला असल्यामुळे तो मध्यावरच असतो. मोठ्या लेथवर कातणारे टर्नर याला जॅम चक म्हणतात, आणि या स्वस्त मशीनवर चांगलं काम काढायचं निम्मं गुपित हेच आहे. पैसे असतील तर चार जबड्यांच्या चकऐवजी ईआर११ कॉलेटवाली आवृत्ती घ्या, कॉलेट म्हणजे काडीला चहूबाजूंनी सारखी आवळणारी चिरलेली नळी. तिच्यात ७ मिलिमीटरपर्यंतच्या काड्याच पकडता येतात पण पकड खूपच सरळ असते, आणि लाटणी, मुसळं, रव्या यांना तेवढीच जाडी लागते. हत्यारांच्या सेटचे वाचलेले पैसे इथे घाला असं मी म्हणते.

स्पीडबद्दल मात्र या मोटरला शाबासकीच द्यायला हवी. लाकूड स्वच्छ कापलं जायला महत्त्वाचं असतं ते पृष्ठभाग हत्यारासमोरून किती वेगाने सरकतो ते, नुसते फेरे नाहीत. ३००० फेऱ्यांना २० मिलिमीटर जाडीच्या लाकडाचा पृष्ठभाग मिनिटाला साधारण १८८ मीटर धावतो आणि त्याच ३००० फेऱ्यांना ५ मिलिमीटरच्या काडीचा फक्त ४७ मीटर. म्हणून बारीक वस्तूंना फेरे जास्त लागतात आणि ही मोटर ते आरामात देते. ड्रिल मशीन आडवं बांधून लेथ करायचा प्रकार बरेच जण करतात, पण ड्रिलचे फेरे बहुतेक वेळा ३००० च्या आतच असतात, त्यामुळे जाड वस्तूंना ठीक पण बारीक कामाला तंतू तुटल्यासारखा खडबडीत पृष्ठभाग येतो.

जोर मात्र नाही. स्पीड कमी केला की तर अजिबातच नाही, जरा खोल कापलं की मोटर थांबते. छोट्या कामाला हे चालतं, कारण आपल्याला एका वेळी काढायचं असतं ते केसाइतकंच. फक्त मोटर थांबली की लगेच बटन बंद करा, अडलेल्या मोटरमधून करंट जात राहिला की आतली वाइंडिंग (तारेची गुंडाळी) तापते आणि जळका वास येतो, तो आला म्हणजे मोटरचं आयुष्य कमी झालं समजा. सलग चालवली तर अंग चांगलंच गरम होतं, मी मधे मधे थांबते, तोपर्यंत हत्यारांना धार लावते.

टेलस्टॉकचं सेंटर आणि चकचं सेंटर समोरासमोर येत नाही. माझ्या मशीनमध्ये येत नव्हतं आणि ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की बहुतेकांचं हेच. चकमध्ये टोकदार खिळा पकडून टेलस्टॉकचं टोक त्याला भिडवून बघा, लगेच दिसतं. कोल्डड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून टेलस्टॉकखाली सरकवला की काम होतं, तो पत्रा साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो त्यामुळे एक-एक थर वाढवत बरोबर उंचीला आणता येतं. कंपनीत हे करून पाठवायला हवं, पण या किमतीत कुणी करत नाही. टूल रेस्टही बदलावीच लागते, जी येते ती रुंद आणि जाड, आणि छोट्या कामात रेस्ट लाकडापासून एक-दोन मिलिमीटरवर हवी, नाहीतर हत्याराचं टोक लांब लोंबतं आणि थरथरतं. मी ६ मिलिमीटरचा गोल स्टीलचा दांडा वेल्डिंगवाल्याकडून टी आकारात जोडून घेतला, वरून पॉलिशपेपरने गुळगुळीत केला. वेल्डिंगवाल्याने पन्नास रुपये घेतले आणि त्याने कामात जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही.

आता हत्यारं. यासाठीच खरं तर लिहायला बसले.

सोबतच्या सेटमधली हत्यारं दिसायला बरी, चकचकीत, पण एक तर पोलाद मऊ, दोन-तीन वस्तूंत धार जाते, आणि दुसरं म्हणजे ती रुंद आहेत. उतरंडीतल्या दोन मडक्यांच्या मधली खाच एक मिलिमीटरची असते. करंड्याचं तोंड पाच मिलिमीटरचं, त्यातून आत शिरून पोट कोरायचं. असल्या मापाचं हत्यार तयार मिळत नाही, परदेशातून मागवलं तर मिळतं पण एकाच्या किमतीत आख्खा लेथ येईल. आणि मिळालं तरी ते कुणाच्या तरी दुसऱ्याच वस्तूसाठी घडवलेलं असतं. छोट्या कामात वस्तू आधी ठरते आणि तिच्या पोटात, मानेत, खाचेत जाईल असं टोक मग घडवावं लागतं, म्हणून हत्यार घरी बनवणं हा काटकसरीचा प्रकार नाहीच, कामाचाच भाग आहे.

जर्मनीत झायफेन नावाचं गाव आहे, एर्त्सगेबिर्ग डोंगरात, खाणी बंद पडल्यावर तिथले लोक खेळण्यांकडे वळले. तिथले टर्नर स्प्रूस नावाच्या झाडाच्या ओल्या लाकडाची मोठी चकती लेथवर लावतात आणि तिच्यात अशा काही खाचा कातत जातात की शेवटी एक कडं उरतं, आणि ते कडं केक कापल्यासारखं उभं कापलं की प्रत्येक तुकडा म्हणजे घोडा नाहीतर गाय! कातताना प्राणी दिसतच नाही, आडवा छेद डोक्यात ठेवून कातायचं. आपल्याकडचे कातारी दोरीच्या खरादावर काम करायचे, एक जण दोरी ओढायचा, लाकूड एकदा इकडे एकदा तिकडे फिरायचं आणि दुसरा नेमक्या एकाच दिशेच्या फेऱ्याला हत्यार टेकवायचा. हे वाचलं-पाहिलं की आपल्या स्वस्त मोटरबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

तर माझ्या डब्यात काय काय आहे ते सांगते. रोज हातात असतं ते मेलेल्या बारीक त्रिकोणी कानशीचं. घासून दात काढून टाकले आणि टोकाला तिरकी धार दिली, खाचा, कडा, रेघा सगळं त्यानेच होतं. पण कानस आहे तशी वापरू नका, खरंच नका. कानशीचं पोलाद इतकं कडक असतं की ते काचेसारखं ठिसूळ होतं आणि फिरत्या लाकडात अडकलं तर तुकडा उडतो. आधी ती मऊ करून घ्यावी लागते, म्हणजे एक भाग पॉलिशपेपरने चकचकीत करायचा आणि ओव्हनमध्ये २०० ते २२० डिग्रीला तासभर ठेवायची, चकचकीत भाग फिकट पिवळा, गवताच्या काडीच्या रंगाचा दिसायला लागला की झालं. एवढ्याने कडकपणा थोडा कमी होतो पण ठिसूळपणा बराच जातो. त्यानंतर ग्राइंडरवर घासताना मधे मधे पाण्यात बुडवायची, कारण टोक निळं पडलं म्हणजे तेवढा भाग मऊ झाला, तो घासून काढल्याशिवाय धार टिकणारच नाही.

एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील, त्याचं उलट. ते ग्राइंडरवर निळं झालं तरी बिघडत नाही, ५००-६०० डिग्रीपर्यंत ते कडकच राहतं, उलट तापलेलं पाण्यात बुडवलं तर बारीक चिरा जातात म्हणून हवेतच गार होऊ द्यायचं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीला लोखंडाच्या लेथसाठीचे चौकोनी एचएसएस टूल बिट मिळतात, सगळ्यात बारीक द्या म्हणायचं. त्याची मी गोल नाकाची स्क्रेपर (खरवडून साफ करायचं हत्यार) केलीय, वाटीचा आतला भाग तिनेच साफ होतो. घासायला वेळ लागतो पण धार टिकते ती टिकतेच.

कापून वेगळं करायला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, हा सगळ्यात सोपा. ब्लेड साधारण ०.६५ मिलिमीटर जाड असतं, दात घासून टाकायचे आणि टोकाला धार द्यायची, इतकं पातळ पार्टिंग टूल विकत मिळणारच नाही. फक्त बायमेटल लिहिलेलं ब्लेड घेऊ नका, त्यात दातांची कडाच तेवढी एचएसएस असते आणि आपण नेमकी तीच घासून टाकतो, राहतं ते मऊ पातं. पूर्ण कडक, वाकवलं तर मोडणारं जुनं ब्लेड हवं.

छत्रीची काडी! जुन्या काळ्या मोठ्या छत्रीची, जिची काडी आतून पन्हळीसारखी असते ती. तीच पन्हळ म्हणजे तयार गाउज (गोल तोंडाची पटाशी), टोक तिरकं घासलं की दोन-तीन मिलिमीटरचं गोल तोंड. पावसाळा संपला की छत्री दुरुस्तीवाल्यांकडे मोडक्या काड्यांचा ढीग असतो, मागितलं की देतात. काही काड्या मऊ निघतात, मग कडक कराव्या लागतात, गॅसच्या छोट्या टॉर्चने टोक लालबुंद करायचं, चुंबक चिकटेनासं झालं की तापमान बरोबर आहे असं समजायचं आणि लगेच तेलात बुडवायचं. मग परत तेच, पिवळा रंग येईपर्यंत मंद गरम. चुंबकाची युक्ती लक्षात ठेवा, लोखंड ७७० डिग्रीच्या आसपास चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे थर्मामीटर लागत नाही. बाल्कनीत करा, तेलाचा भपका होतो, आणि तेल पेटलं तर वर टाकायला झाकण हाताशी ठेवा.

आणि करंड्याचं, उखळाचं पोट कोरायला ॲलन की. ती मुळातच एल आकाराची, वाकवायची गरजच नाही, छोटा पाय घासून आखूड करायचा आणि त्याच्या टोकाला धार द्यायची. बारीक तोंडातून आत घालून आडवी फिरवली की पोट कोरलं जातं. लेथसोबत आलेली एक ॲलन की मी यासाठीच वापरली. पोलाद कानशीइतकं कडक नाही, धार वरचेवर लावावी लागते, पण हूक मोडत नाही हे महत्त्वाचं. गोणी शिवायचा दाभण पण करून बघितला, तो फार लवचिक आहे, रेघा ओढायला ठीक, कोरायला नाही.

मुठी लेथवरच कातायच्या, बाभळीच्या. मुठीच्या तोंडाला पितळी नळीचा तुकडा ठोकून बसवला की चिरत नाही. मूठ वस्तूच्या मापाची छोटी करायचा मोह होतो पण हात आपला तेवढाच असतो, १२-१५ सेंटीमीटर तरी हवीच.

लाकडाबद्दल थोडं. सागवान नको. इथे बरेच जण दचकतात, कारण आपल्याला चांगलं लाकूड म्हणजे साग, पण सागाची छिद्रं मोठी असतात, खऱ्या टेबलावर ती छान दिसतात आणि २ सेंटीमीटरच्या पोळपाटावर ती खड्डेच दिसतात. वर सागात सिलिका असते, धार खाऊन टाकते. पांगारा सावंतवाडीच्या रंगीत फळांना उत्तम, हलका आणि झटपट कातला जाणारा, पण बारीक कडा त्यात टिकत नाही, मऊ पडतो. आपल्याला हवं घट्ट, बारीक दाण्याचं. हेदू, ज्याला बाजारात हळदू म्हणतात, पिवळसर, एकसारखा, याच्यासारखं लाकूड नाही, पूर्वी गिरण्यांच्या बॉबिनना हेच वापरायचे. काळा कुडा पण असाच, पांढरा, हस्तिदंतासारखा दिसतो, कर्नाटकातली चन्नपट्टणची आणि आंध्रातली एटिकोप्पाकाची खेळणी याच झाडाची. कोकणात, सह्याद्रीत कुडा आहेच पण विकत मिळणं कठीण, कुणाच्या शेताच्या बांधावर फांदी तोडली गेली तर विचारून ठेवा, सावलीत वाळवा. शिसवीसाठी मोडलेलं लाटणं शोधा, वर्षानुवर्षं वाळलेलं, घट्ट, एका लाटण्यात आख्खं छोटं स्वयंपाकघर होतं. चिकूची आणि बोरीची छाटणी मिळाली तर ती पण सोडू नका.

उतरंड कशी होते ते सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण मशीन आणि हत्यारं दोन्हींची परीक्षा तिथे होते. १२ मिलिमीटरची हळदूची काडी चकमध्ये, टेलस्टॉक लावून सरळ गोल करून घ्यायची. मग टेलस्टॉक मागे सरकवून टोकाकडचं सगळ्यात छोटं मडकं आधी, कारण टोक चकपासून लांब असतं आणि मागचं लाकूड बारीक झालं की पुढे कापताना सगळं थरथरतं. म्हणून नेहमी टोकाकडून चककडे यायचं, पूर्ण झालेल्या भागाकडे परत जायचं नाही. छत्रीच्या काडीने पोट, कानशीच्या टोकाने मान, ॲलन कीने तोंडातून आत थोडं कोरून, मग हॅक्सॉच्या पात्याने वेगळं. पुढचं जरा मोठं. प्रत्येक मडक्याचा बूड खालच्याच्या तोंडात बसला पाहिजे, ते माप वर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरने) घेते मी, डोळ्याने नाही जमत. पाच मडकी एकावर एक उभी राहिली, हलली नाहीत, की मशीन चांगलं लावलंय असं समजा. माझी राहतात. साडेतीन गुण त्याचेच आहेत.

लाखेचं काम यावर होतं का असं खूप जण विचारतात. होतं. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडाला दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, ८० डिग्रीच्या आत मऊ होते ती. पण वर सांगितलं तसं बारीक काडीचा पृष्ठभाग हळू धावतो, उष्णताच तयार होत नाही, म्हणून स्पीड वाढवावा लागतो, आणि तिथे ही मोटर कामी येते. जाड वस्तूला जोरात दाबलं की मोटर थांबते, ८-१० मिलिमीटरपर्यंतच झकास चढते. त्यावर केवड्याचं वाळलेलं पान दाबून धरायचं, लाख एकसारखी पसरते आणि चमक येते. कारागीर हे पान का वापरतात ते एकदा करून बघितल्यावर कळतं, कापडाने तशी चमक येत नाही, आणि फिरत्या लेथवर कापड धरणं तसंही धोक्याचं. लाखेचे धागे ओढून पट्टे काढायचे असतील तर कांडीचं टोक बारीक घासून घ्या.

सुरक्षेचं लिहितेच, कारण मशीन खेळण्यासारखं दिसतं म्हणून लोक हलक्यात घेतात. गॉगल हवाच. ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या-अंगठ्या काढा, आणि हातमोजे घालू नका, मोजा गुंडाळला गेला की बोट त्याच्यासोबत जातं. शिसवीचा भुसा बऱ्याच जणांना त्रास देतो, शिंका, खाज, मास्क लावा. पॉलिशपेपर मारताना टूल रेस्ट बाजूला काढा. आणि ही असली बारीक भातुकली तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नका, तोंडात घालण्याच्याच मापाची असते ती. विकायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यात सूट आहे, तेवढं बघून घ्या.

आवाज? मिक्सरपेक्षा बराच कमी, फ्लॅटमध्ये दुपारी चालवता येतो, शेजाऱ्यांची तक्रार आलेली नाही. खाली जाड प्लायवूडची फळी घेऊन त्यावर स्क्रूने घट्ट बसवा, नुसतं टेबलावर ठेवलं तर सरकतो आणि थरथर दुप्पट होते.

घेताना शेवटचं बघायचं ते सुटे भाग. माझ्या विक्रेत्याकडे एकही सुटा भाग मिळत नव्हता, मेलला उत्तरही नाही, आणि वॉरंटीचं पान नुसतं छापलेलं. पण ७७५ मोटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही शेकड्यांत सुटी मिळते, बसवायची भोकं ठरलेल्या मापाची असतात, म्हणून याच नंबरची मोटर असलेलं मॉडेल घ्या, दुसरी कुठली अनोळखी मोटर असेल तर नको. बदलताना ५ मिलिमीटर गोल दांड्याची मागा, चपट्या खाचेच्या दांड्याची पण येते आणि तिच्यावर जोडणी वाकडी बसते. एक मोटर आणि कंट्रोलरची एक प्लेट आधीच आणून ठेवा, कंट्रोलर मोटरच्या आधी जातो.